जामीन झालाय, पण सुटका नाही

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मी मानवी हक्क हा विषय घेतला आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याची 30 कलमं पाठ केली. 10 डिसेंबर 1948, पॅरिस. बाजूने 48 मतं, तटस्थ 8, विरोधात एकही नाही. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असं लिहिलं जात होतं, तिथे 'सर्व माणसं' आलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो. पण विषय खरा कळला तो विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणारी सरकारी संस्था) वकीलबाईंबरोबर एका कारागृहात गेले तेव्हा.

ऊसतोडीला आलेले पन्नाशीचे एक काका समोर बसले. आरोप किरकोळ चोरीचा. म्हणाले, "ताई, कोर्टानं सोडलंय म्हनत्यात. मग हे सोडंनात कसं?"

मी त्यांना विचारलं, तुमच्यावर अन्याय झाला असं वाटतं का? ते नुसते बघत राहिले. वकीलबाईंनी वही उघडून विचारलं, "अटक कोणत्या तारखेची? जामिनाची ऑर्डर कधीची? घरी कुणाला कळवलंय का?" त्यातून सगळं बाहेर आलं. जामीन होऊन सात आठवडे झाले होते. अट होती 15,000 रुपयांच्या स्थानिक जामीनदाराची, तोही ऐपतीच्या दाखल्यासह. परजिल्ह्यातल्या मजुराला असा माणूस कुठून मिळणार? हंगाम संपला आणि टोळी गावी निघून गेली होती.

नवख्यांना मी सांगते ते हेच, की आधी तारखा विचारा. अटकेपासून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं का (प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत)? अटकेचं कारण सांगितलं का? हे राज्यघटनेच्या 22 व्या कलमात आहे. दोषारोपपत्र गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत आलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. मात्र तो मागावा लागतो, आणि न मागितल्यामुळे कितीतरी जण आत राहतात. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याचं 12 वं कलम स्वतः वाचा, दुसऱ्याच्या नोट्सवर राहू नका.

काकांच्या अर्जासाठी वकीलबाईंनी 1978 चा मोती राम खटला काढला. मध्य प्रदेशातला एक गवंडी. त्याच्याकडे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. तरीही 45 वर्षांनी, जानेवारी 2023 मध्ये, त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराची अट शक्यतो घालू नका, आणि जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. आमच्या काकांबद्दल कुणी कळवलं नव्हतं. या गोष्टीचा मला अजून राग आहे.

घरी आत्या म्हणाली, "चोरांचे कसले गं हक्क?" हा प्रश्न तुम्हालाही येईल, वैतागू नका. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. मी आत्याला काकांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्याच्या बायकोला कुणी फोन केला का?"

केला होता. कोर्टाने अट बदलून जातमुचलका मान्य केला. फाटकाबाहेर आल्यावर काकांनी आधी एसटीची वेळ विचारली नाही. म्हणाले, "ताई, वाटंत कुणी धरलं तर दाखवायला शिक्क्याचा कागद द्या." ऑर्डरची झेरॉक्स दिली. ती त्यांनी चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, आणि स्टँडवर पोचेपर्यंत दोनदा चाचपून पाहिली.