डेल्को फिरवण्याआधी टायमिंग बेल्टच्या खुणा पाहा

कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या मारुती ८०० चे पिकअप गेले आणि घाटात ती दुसऱ्या गिअरवरही दम टाकू लागली, की बहुतेक जण पहिल्यांदा डेल्कोचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, बोल्ट सैल करतात आणि तो थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून पाहतात. हा सल्ला मी कुणालाही देत नाही. या ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या इंजिनात डेल्कोला चाल कॅमशाफ्टकडूनच (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडूनच) मिळते; त्यामुळे क्रँकवरून (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून) कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट एक दात जरी चुकला, तरी व्हॉल्व्हची आणि ठिणगीची वेळ एकाच वेळी बिघडते. डेल्को फिरवल्याने ठिणगी जागेवर येते, व्हॉल्व्ह मात्र चुकीच्याच वेळी उघडत राहतात.

प्लग, वायरी आणि एअर फिल्टर तुम्ही आधीच पाहिले आहेत असे धरतो. वायरी १-३-२ या ठिणगीच्या क्रमाने बसलेल्या असाव्यात.

प्रथम डेल्कोतील पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. गॅप वाढला की टायमिंग पुढे जाते आणि कमी झाला की मागे येते, म्हणून हे काम टायमिंगच्या आधी झालेच पाहिजे.

मग इंजिन गरम करा, डेल्कोची व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करा, पहिल्या सिलिंडरच्या वायरीवर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावा आणि आयडलवर फ्लायव्हीलची खूण पाहा. अंश किती हवेत ते गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्या. खूण जुळवताना डेल्कोचा बोल्ट त्याच्या लांबट खाचेच्या मध्याजवळ राहिला, तर उत्तम. तो खाचेच्या टोकाला जाऊन बसला तरच खूण जुळत असेल, तर तिथेच थांबा.

हीच गोष्ट मला एके काळी कळली नव्हती. नुकताच बेल्ट बदललेली एक गाडी माझ्याकडे आली होती. टायमिंग लाइटमध्ये खूण अगदी बरोबर दिसत होती, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून मी दोन दिवस कार्ब्युरेटर खोलत राहिलो. डेल्कोचा बोल्ट खाचेच्या टोकाला टेकलेला होता, तो मी रोज पाहत होतो. अखेर बेल्टचे झाकण काढले तेव्हा कॅमचे चाक एका दाताने मागे असल्याचे दिसले. क्रँकच्या चाकाला २० दात असले, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्या फरकाने गाडी सुरू होते आणि आयडलवरही राहते, पण ओढत नाही. झाकण काढण्याआधी खात्री हवी असेल, तर इंजिन हवा किती जोराने ओढते ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज लावा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर साधारण १७ ते २१ इंच (पारा) दाखवते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे दीड-दोन इंच कमी धरावेत. इग्निशन टायमिंग बरोबर असून काटा स्थिर पण बराच खाली राहिला, आणि तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनही सारखेच कमी निघाले, तर पिस्टनच्या रिंगांना दोष देण्याआधी बेल्ट तपासा.

झाकण काढल्यावर प्लग काढून घ्या आणि इंजिन पान्यानेच, नेहमीच्या दिशेने फिरवा; स्टार्टर मारू नका आणि कुठे अडल्यासारखे वाटले तर जोर लावू नका. क्रँकची खूण पुलीवर न पाहता, पुली काढून आतल्या दातेरी चाकावर पाहा. ती खूण खाली असते, वरून वाकून पाहिली तर अर्धा दात सरकलेली भासते. म्हणून तिच्यासमोर छोटा आरसा धरा आणि नजर सरळ रेषेत आणा. क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या व त्यांच्या समोरच्या, अशा चारही खुणांवर मी पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका देतो.

खुणा जुळल्या म्हणजे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे, असे गृहीत धरू नका. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते, त्यामुळे पिस्टन दोनदा वर येतो. टॅपेट कव्हर काढून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) बोटाने हलवा: दोन्ही सैल असतील तर कॉम्प्रेशन, दोन्ही दाबलेले असतील तर एग्झॉस्टचा शेवट. डेल्को काढलेला असेल, तर तो बसवण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे, नाहीतर गाडी फक्त बॅकफायर करत राहते.

बेल्ट चढवताना टेन्शनर (बेल्ट ताणणारे चाक) नसलेली बाजू ताठ हवी, सैलपणा सगळा टेन्शनरच्या बाजूला यावा. टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवून क्रँक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, मग बोल्ट कसा आणि खुणा पुन्हा पाहा. चुकीचा बसलेला बेल्ट बहुतेक वेळा या दोन फेऱ्यांतच उघडकीला येतो, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. तेलाने भिजलेला किंवा दाताच्या मुळाशी चीर गेलेला बेल्ट परत चढवू नका, तेल गळणारे सीलही त्याच वेळी बदला.

शेवटी झाकण बसवण्यापूर्वी टायमिंग लाइट पुन्हा लावा. आरपीएम वाढवल्यावर खूण पुढे सरकली पाहिजे; न सरकल्यास डेल्कोतील वजने अडकलेली आहेत. आणि आयडलवर खूण जुळलेली असताना डेल्कोचा बोल्ट खाचेच्या मध्याजवळ आला असेल, तरच झाकणाचे स्क्रू लावा.