पुढच्या डिस्क ब्रेकची हवा घरी कशी काढावी

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर चौथ्या-पाचव्या वळणाला नरम लागायला लागला. आधी दोन बोटांत ताठ बसणारा लिव्हर हँडलच्या जवळ यायला लागला. गाडी कडेला घेऊन अर्धा तास थांबलो, डिस्क गार झाली आणि लिव्हर पुन्हा बराच सुधारला. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. तेव्हापासून ऑइल बदलून आतली हवा काढायचं हे काम मी दर दोन वर्षांनी स्वतः करतो, पावसाळा सरल्यावर, कोरडा दिवस बघून.

कोरडा दिवस अशासाठी, की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताज्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांबलचक घाटात सतत ब्रेक धरला तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यात धरणारा भाग, एवढा तापू शकतो. मग ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. ऑइल जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून तर लिव्हरवरच्या बोटांचा जोर थेट कॅलिपरमधल्या, डिस्कवर घासणाऱ्या पॅडपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा आला, की तो जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो. लिव्हर स्पंजसारखा लागतो तो यामुळे.

कामाला हात लावण्याआधी एक तपासणी करा. लिव्हर घट्ट दाबून मिनिटभर तसाच धरा. दोन-तीनदा पंप मारल्यावर तो ताठ होत असेल, तर आत हवा आहे आणि हे काम तुमच्यासाठीच आहे. पण दाबून धरलेला लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत जात असेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणारा, हँडलवरचा भाग) आतलं रबर गेलं आहे किंवा कुठेतरी गळती आहे. कितीही हवा काढली तरी तो दोष जाणार नाही. अशी गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

१२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. एबीएस असलेल्या गाडीचं ऑइलही याच पद्धतीने बदलता येतं, पण काम चालू असताना हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला अनेकदा सर्व्हिस सेंटरचं मशीन लागतं. म्हणून अशा गाडीला डबीतल्या पातळीवर दुप्पट लक्ष ठेवा.

सामान थोडंच लागतं. सीलबंद डॉट ४ ऑइलची छोटी बाटली (डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि सिलिकॉनचं डॉट ५ त्यात कधीच घालू नका), निपलला (कॅलिपरवरचा, हवा काढायचा पोकळ स्क्रू) बसणारा रिंग पाना, मेडिकलमधली मोठी सिरिंज, फिशटँकची पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, सुती कापड आणि बादलीभर पाणी. निपलला बऱ्याच गाड्यांवर ८ चा पाना लागतो. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली वापरू नका, तिने केव्हाच ओलावा घेतलेला असतो. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर आणि मडगार्डवर ओलं कापड पसरा. थेंब उडालाच तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. हातमोजे आणि चष्मा घाला.

गाडी डबल स्टँडवर लावा आणि ऑइलची डबी सपाट राहील असं हँडल वळवा. झाकणाचे दोन स्क्रू इथे अनेकांना रडवतात. ते मऊ धातूचे असतात, वर पाणी आणि माती बसून जाम होतात आणि चुकीच्या मापाचा पेचकस लावला तर त्यांचं डोकं उडतं. बरोबर बसणारा पेचकस स्क्रूवर ठेवून त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन हलके ठोके द्या, मग खाली दाबतच फिरवा. झाकणाखालचा रबरी पडदा काढून कोरड्या कापडाने पुसून ठेवा. पॅड बघून घ्या. पॅड झिजले की डबीतलं ऑइल आपोआप खाली जातं, म्हणजे पातळी कमी दिसली तर गळतीच आहे असं नाही.

सिरिंजने डबीतलं जुनं ऑइल ओढून घ्या, पण तळाची छिद्रं उघडी पडू देऊ नका. तळ पुसून नवं ऑइल भरा आणि झाकण नुसतं वर ठेवा. लिव्हर झटकन सुटला की तळाच्या बारीक छिद्रातून कारंजं उडतं, ते थेट टाकीवर येतं.

आता खाली कॅलिपरवर या. निपलची रबरी टोपी काढा, आधी रिंग पाना बसवा, मग नळी चढवा. उलट केलं तर पाना घालायला नळी परत काढावी लागते. नळी निपलपासून आधी वर जाऊ द्या आणि मग बाटलीत उतरवा. बाटलीत दोन बोटं ऑइल घालून नळीचं टोक त्यात बुडवा.

इथून दोन माणसं लागतात. आमच्याकडे लिव्हरवर बायको असते आणि पान्यावर मी. ती सावकाश तीन-चारदा दाबते आणि शेवटी दाबून धरून म्हणते, "धरलाय." मी निपल पाव ते अर्धा फेरा उघडतो, ऑइलबरोबर बुडबुडे नळीत येतात, लिव्हर तिच्या हातात खाली जातो. मी निपल बंद करतो आणि मगच म्हणतो, "सोड." सगळं काम या क्रमावर उभं आहे. निपल उघडा असताना लिव्हर सुटला, तर नळीतली हवा आत ओढली जाते आणि तोवरची मेहनत पाण्यात जाते. बोलून करायचं, अंदाजाने नाही. दर पाच-सहा वेळांनंतर डबी बघा आणि नवं ऑइल घाला. ही पातळी बघायची जबाबदारी लिव्हरवाल्याकडे द्या, कारण डबी त्याच्या डोळ्यांसमोर असते.

सुरुवातीला ऑइल कोऱ्या चहासारखं येतं. ते फिकट पिवळं, स्वच्छ आणि बिनबुडबुड्यांचं यायला लागलं, की थांबायचं. पुढच्या ब्रेकला १०० ते १५० मिली पुरतं.

तरी लिव्हर थोडा नरम राहतो, आणि बहुतेक लोक नेमके इथे धीर सोडतात. हवा वर चढते आणि आपण तिला खाली ढकलत असतो. लहान बुडबुडे नळीच्या वळणावर आणि मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी अडकून बसतात. पेचकसाच्या मुठीने कॅलिपरवर आणि ब्रेकच्या नळीवर खालून वर टिचक्या मारत जा. मग डबी उघडी ठेवून, भोवती कापड धरून, लिव्हर जेमतेम अर्धा सेंटीमीटर हळूहळू हलवत राहा. तळाच्या बारीक छिद्रातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे वर येताना दिसतात. पंधरा मिनिटं हे करा. एवढ्यानेही भागलं नाही तर झाकण लावा, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर दाबून बांधा आणि रात्रभर सोडा. बुडबुडे वर सरकतात आणि सकाळी लिव्हर सोडला की डबीत निघून जातात. माझ्या गाडीला दोनदा यानेच गुण आला.

निपल आवळताना जोर करू नका. तो आतून पोकळ असतो, तुटला तर कॅलिपर उघडावा लागतो. टोपी लावा. डबीतलं ऑइल वरच्या खुणेच्या आत ठेवा, पडदा आणि झाकण बसवा. कॅलिपर पाण्याने धुवा, डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडला ऑइल लागलंच असेल तर पॅड बदला.

जुनं ऑइल गटारात ओतू नका. आपल्याकडची, म्हणजे नाशिकची, पावसाळी गटारं आणि नाले शेवटी नासर्डीला आणि गोदावरीला मिळतात. बाटलीत बंद करून गॅरेजवर द्या, इंजिन ऑइलच्या डब्यात मात्र मिसळू नका.

आता लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरा आणि निपलभोवती कोरडा कागद फिरवून बघा. गाडी हाताने ढकलून ब्रेक लावा, मग कॉलनीच्या गल्लीत वीसच्या वेगाने चार-पाचदा थांबवा. त्यानंतर गंगापूर रोडला एक फेरी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पुन्हा निपलवर फिरवा आणि डबीची पातळी बघा. दोन्ही ठीक असेल तर गडाचा रस्ता धरायला हरकत नाही.