डस्ट कलेक्टरचं सक्शन वाढवायचंय? सुट्टीच्या दिवसाची तयारी

मशीनवरचा भुसा पाइपातून ओढून पिशवीत भरणाऱ्या डस्ट कलेक्टरचा ब्लोअर 2 एचपीचा, तरी रंध्याच्या मशीनखाली भुशाचा ढीग साचतोच, असं असेल तर 3 एचपीचं कोटेशन मागवण्याआधी हवा कुठे अडतेय ते शोधा. पाइपाचं काम साप्ताहिक सुट्टीला काढा, भोसरी-चिंचवडकडे गुरुवारी. मोजमाप मात्र आधीच्या आठवड्यात, काम चालू असतानाच करून ठेवायचं.

त्यासाठी दोनेक मीटर पारदर्शक नळी, रंग घातलेलं पाणी आणि मोजपट्टी पुरते. नळी फळीवर यू आकारात बसवा, अर्धी भरा, एक टोक मोकळं सोडा आणि दुसरं पाइपाला पाडलेल्या बारीक भोकावर घट्ट धरा. भोकं दोन हवीत: एक ब्लोअरच्या आधी, एक ब्लोअर आणि पिशवीच्या मधे. पिशवी झटकून, पाइप मोकळा असताना, एकच गेट (फाट्याची हवा बंद करायची सरकती झडप) उघडं ठेवून पाण्याच्या दोन पातळ्यांमधला फरक मिलिमीटरमध्ये लिहा. पुढे पिशवीकडचा आकडा चढला आणि ब्लोअरआधीचा उतरला तर पिशवी तुंबलीय. पिशवीकडचा उतरून ब्लोअरआधीचा चढला तर चोकअप पाइपात आहे.

थ्री-फेज मोटरवाल्यांनी फिरण्याची दिशा बघावीच. विजेच्या लाइनचं काम झाल्यावर कधी फेज उलटतात. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला ढकलतो, फक्त बरीच कमी. म्हणून कुणाला शंकाही येत नाही आणि बिचाऱ्या पिशवीला नावं ठेवली जातात. मोटर बंद केल्यावर मंदावत जाणारा तिचा मागचा पंखा केसिंगवरच्या बाणाशी ताडून पाहा. उलटा निघाला तर दोन फेजांची अदलाबदल पुरते. वायरमनला आधी सांगून ठेवा.

आता सामान. 110 मिमीच्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या पीव्हीसी) पाइपातून, भुसा वाहून न्यायला लागणाऱ्या सेकंदाला 20 मीटरच्या वेगाने, जेमतेम 350 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते. 160 च्या पाइपातून 750 च्या आसपास. पण ब्लोअर तेवढी हवा देत नसेल तर मोठ्या पाइपात वेग पडतो आणि भुसा तळाशी बसतो. म्हणून ब्लोअरच्या प्लेटवरचा सीएफएम बघून, थोडा कमीच धरून, मेन लाइन ठरवा. आणि मशीनचं तोंड अडीच इंची असेल तर मागे कितीही जाड पाइप टाका, फरक पडणार नाही. आधी ते तोंड मोठं करून घ्या. काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन, टी आकाराच्या जोडाऐवजी वाय आकाराचा, प्रत्येक फाट्याला गेट, आणि होजच्या क्लिपा दोन-चार जास्तीच्या. लवचीक होज लागेल तेवढाच, मीटरभर खूप झाला. त्याच्या वळ्या गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट अडथळा करतात. होजमधली तार अर्थिंगला जोडायची.

सुट्टीच्या दिवशी पहिलं काम: मेन स्विच खाली, फ्यूज खिशात. मगच ब्लोअरच्या तोंडात हात. तिथल्या जाळीवर रंध्याच्या लांब ढलप्या आणि प्लायच्या पॅकिंगची पट्टी गुंडाळलेली हमखास सापडते. पिशवी उघड्यावर, एन-95 मास्क लावूनच झटका. लाकडाची धूळ 1995 पासून आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्करोगकारक यादीत, पहिल्या गटात आहे. बारीक गाळणीची पिशवी घेणार असाल तर आकारानेही मोठी घ्या, नाहीतर आहे तीही हवा कोंडेल.

गळती शोधायला जोडांपाशी अगरबत्ती फिरवायचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून तो ऐकू नका, एखादी ठिणगी आत ओढली गेली तर थेट भुशाच्या पिशवीत जाते. पातळ पॉलिथिनची पट्टी जोडावरून फिरवा. जिथे ती चिकटेल तिथे सिलिकॉन किंवा टेप. भुसा बाहेर सोडणारा कलेक्टर असेल तर खिडकीही उघडी हवी, बंद खोलीतून तो ओढणार काय?

शेवटी दोन्ही भोकांवरचे आकडे पुन्हा घ्या आणि मार्करने ब्लोअरवरच लिहा, तारखेसकट. भोकांना टेप लावायला विसरू नका.