ब्राउझरमधून व्हर्च्युअल मशीनच्या कन्सोलवर: नोव्हीएनसी आणि वेबसॉकिफायची मांडणी

व्हर्च्युअल मशीनचे, म्हणजे एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचे, नेटवर्क सुरळीत चालू असेपर्यंत एसएसएच (दुरून आज्ञा देण्याची सुरक्षित जोडणी) पुरते. पण फायरवॉलचा एखादा नियम लिहिणाऱ्यालाच बाहेर ठेवतो, माउंटच्या (डिस्क जोडण्याच्या) यादीतील एका चुकीच्या ओळीमुळे मशीन बूट होताना मध्येच अडते, किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच अजून बसवायची असते. अशा वेळी मशीनचा पडदा डोळ्यांनी पाहता यावा आणि तिच्या कळफलकावर टाइप करता यावे, म्हणजेच तिचा कन्सोल मिळावा, एवढीच गरज उरते. ही सोय मुक्त सॉफ्टवेअर वापरून थेट ब्राउझरमध्ये कशी आणावी, ते येथे सांगितले आहे. यजमान सर्व्हरवर, म्हणजे ज्यावर या मशीनी चालतात त्यावर, लिनक्स, केव्हीएम व क्यूएमू (मशीनी चालवणारी सॉफ्टवेअरे) आणि लिबव्हर्ट (त्यांचे व्यवस्थापन करणारे) आधीपासून चालू आहेत, असे गृहीत धरले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांतच द्यावी लागतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी, कारण तिच्याबाबत नेहमी गल्लत होते. पाहुण्या मशीनच्या (यजमानावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या) आत, म्हणजे तिच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, व्हीएनसी सर्व्हर (पडद्याचे चित्र नेटवर्कवरून देणारा प्रोग्राम) बसवणे हा येथे विषय नाही. क्यूएमू स्वतःच त्या मशीनचे ग्राफिक्स कार्ड उभे करतो आणि त्यावर उमटणारे चित्र स्वतःच व्हीएनसीद्वारे बाहेर देतो. म्हणून पाहुण्या मशीनमध्ये काहीही बसवलेले नसले, तिचे नेटवर्क बंद असले, तिचा कर्नल कोलमडला असला तरी पडदा दिसतोच, बूट मेनूसुद्धा दिसतो. याचाच दुसरा अर्थ असा की, ज्याच्या हाती हा कन्सोल आला, तो मशीनसमोर प्रत्यक्ष खुर्ची टाकून बसल्यासारखाच आहे. ग्रबच्या (बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत जाऊन रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) पासवर्ड बदलणे त्याला सहज जमू शकते. पुढची सगळी मांडणी ही गोष्ट लक्षात ठेवूनच केली आहे.

ब्राउझर व्हीएनसीच्या पोर्टशी थेट बोलू शकत नाही, कारण वेबपानाला कच्ची टीसीपी जोडणी उघडण्याची मुभा नसते. त्याला वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील उघडी राहणारी दुहेरी जोडणी) मात्र उघडता येते. २०११ साली प्रमाणित झालेल्या या प्रोटोकॉलच्या आधारावरच पुढची दोन सॉफ्टवेअरे उभी आहेत. नोव्हीएनसी हा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला व्हीएनसी क्लायंट पानावरच्या कॅनव्हासवर चित्र रंगवतो आणि कळांचे व माउसचे संदेश परत पाठवतो. वेबसॉकिफाय हा लहानसा दुभाषी एका बाजूने वेबसॉकेट घेतो आणि दुसऱ्या बाजूने साधे टीसीपी पुढे करतो.

पहिले काम यजमानावरचे. व्हर्शच्या (लिबव्हर्टला आज्ञा देण्याच्या साधनाच्या) एडिट आज्ञेने मशीनची एक्सएमएल व्याख्या उघडावी आणि त्यातील ग्राफिक्स हा घटक पाहावा. तेथे प्रकार स्पाइस (व्हीएनसीसारखाच दुसरा प्रोटोकॉल) असेल, तर तो व्हीएनसी करावा आणि ऐकण्याचा पत्ता १२७.०.०.१ (फक्त त्याच यंत्रावरून पोहोचता येणारा) ठेवावा. हा पत्ता सर्व शून्यांचा केला की जगातल्या कोणालाही व्हीएनसीचे पोर्ट ठोठावता येते, आणि व्हीएनसीचा स्वतःचा पासवर्ड अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या पारंपरिक पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरे धरली जातात, बाकीची गळून जातात. बदल केल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी. आतून रीबूट केल्याने क्यूएमूची तीच प्रक्रिया चालू राहते आणि नवी मांडणी लागू होत नाही. नंतर व्हर्शची व्हीएनसीडिस्प्ले (एकच शब्द) ही आज्ञा दिली की पत्त्यापुढे अपूर्णविराम आणि एक आकडा दिसतो. त्यात ५९०० मिळवले की खरे पोर्ट कळते: शून्य म्हणजे ५९००, तीन म्हणजे ५९०३.

नोव्हीएनसी आणि वेबसॉकिफाय ही दोन्ही पॅकेजे डेबियन आणि उबुंटूच्या भांडारांत मिळतात. नोव्हीएनसीच्या फाइली बसवल्यानंतर यूएसआर, शेअर, नोव्हीएनसी या मार्गावर असतात. वेबसॉकिफाय चालवताना त्याला तीन गोष्टी द्याव्यात: वेब या पर्यायाने फाइलींचा हा मार्ग, ऐकण्यासाठी १२७.०.०.१ वरील ६०८० हे पोर्ट, आणि पुढे जोडण्यासाठी १२७.०.०.१ वरील ५९००. आता आपल्या संगणकावरून यजमानाकडे एसएसएचचा बोगदा काढून स्थानिक ६०८० तेथील ६०८० ला जोडावे आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ६०८० पोर्टवरील व्हीएनसी डॉट एचटीएमएल हे पान उघडावे. जोडण्याचे बटण दाबताच पडदा समोर येतो. एकट्यासाठी, एकदोन मशीनींसाठी इतके पुरे आहे, आणि माझ्या मते तेथेच थांबणे शहाणपणाचे आहे. खाली सांगितलेला पसारा अनेक जणांना प्रवेश द्यायचा असेल तरच मांडावा.

मशीनी अनेक असतील, तर प्रत्येकीसाठी वेगळा वेबसॉकिफाय चालवण्याची गरज नसते. त्याला टोकनफाइल हे प्लगइन आणि टोकनांच्या फाइलीचा मार्ग द्यावा. फाइलीच्या प्रत्येक ओळीत आधी टोकन (त्या मशीनची ओळख सांगणारा शब्द), मग अपूर्णविराम, मग एक मोकळी जागा, आणि त्यानंतर पत्ता व पोर्ट असे लिहायचे असते. ती मोकळी जागा राहून गेली की ओळ वाचली जात नाही आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही. नोव्हीएनसीच्या दुव्यात पाथ या मूल्यामध्ये वेबसॉकिफाय हा शब्द, प्रश्नचिन्ह, टोकन हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि मशीनचे टोकन दिले की योग्य मशीन उघडते. फाइल दर जोडणीच्या वेळी नव्याने वाचली जाते, त्यामुळे ओळ वाढवल्यावर काही पुन्हा सुरू करावे लागत नाही.

येथे एक खोल खड्डा आहे. लिबव्हर्टमध्ये पोर्टची निवड आपोआप होत असेल, तर मशीनी ज्या क्रमाने सुरू होतात त्या क्रमाने त्यांना ५९०० पासून पुढची पोर्टे मिळतात. यजमान रीबूट झाला आणि क्रम बदलला, की कालपर्यंत चाचणीच्या मशीनकडे नेणारे टोकन आज डेटाबेसच्या मशीनचा पडदा उघडते, आणि लॉगिनचा पडदा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे हे पटकन लक्षातही येत नाही. म्हणून एक्सएमएलमध्ये स्वयंचलित पोर्ट बंद करून प्रत्येक मशीनला कायमचे पोर्ट नेमून द्यावे. शिवाय टोकन म्हणजे पासवर्ड नव्हे. ते दुव्यात असते, ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरते. लांब आणि यादृच्छिक टोकन वापरावेच, पण सुरक्षेची भिस्त त्यावर ठेवू नये.

ती भिस्त पुढे उभ्या केलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर असावी. बाहेरून फक्त ४४३ हे पोर्ट उघडे ठेवावे, टीएलएस (वाहतुकीचे कूटलेखन) आणि लॉगिन तेथेच सांभाळावे, आणि आतली वाहतूक १२७.०.०.१ वरच्या वेबसॉकिफायकडे वळवावी. वेबसॉकेट आरपार जाण्यासाठी प्रॉक्सीचा एचटीटीपी आवृत्तीक्रमांक १.१ ठेवावा लागतो आणि अपग्रेड व कनेक्शन हे दोन हेडर स्पष्टपणे पुढे पाठवावे लागतात. लॉगिनची अट केवळ पानाला लावून वेबसॉकेटचा मार्ग उघडा ठेवण्याची चूक सर्रास आढळते. पान तर कोणीही आपल्या संगणकावर ठेवू शकतो, खरा दरवाजा वेबसॉकेटचाच आहे. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे मिनिटभर काही हालचाल झाली नाही की कन्सोल तुटतो. एन्जिनएक्सची वाचनाची मुदत मुळात ६० सेकंदांची असते, ती वाढवून एक तास केली की ही तक्रार मिटते. पान एचटीटीपीएसवर असताना वेबसॉकेटही सुरक्षितच असले पाहिजे, नाहीतर ब्राउझर ते अडवतो.

वेबसॉकिफायला पूर्ण फाटा देण्याचाही एक मार्ग आहे. क्यूएमूला वेबसॉकेट स्वतःच बोलता येते. ग्राफिक्स घटकात वेबसॉकेटचे पोर्ट नेमले की एन्जिनएक्स थेट तेथे जोडता येतो. मधला एक टप्पा कमी होतो, पण मशीननिहाय मार्ग एन्जिनएक्समध्ये हाताने लिहावे लागतात. मशीनी थोड्या आणि स्थिर असतील तर हे बरे.

वापरताना दोन गोष्टी खटकतात. माउसचा बाण आणि पडद्यावरचा बाण वेगवेगळ्या ठिकाणी दिसत असतील, तर मशीनला यूएसबी टॅबलेट हे इनपुट साधन जोडावे. त्यामुळे माउसचे स्थान सापेक्ष न राहता निश्चित होते. आणि कंट्रोल-डब्ल्यू सारख्या कळा ब्राउझरच गिळतो, टर्मिनलमध्ये शब्द पुसायला गेलेला माणूस टॅबच बंद करून बसतो. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट यांसाठी मात्र नोव्हीएनसीच्या बाजूच्या पट्टीत बटण दिलेले आहे.

हे सारे स्वतः जुळवायचे नसेल, तर कॉकपिटमध्ये (सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळण्याच्या साधनात) व्हर्च्युअल मशीनींचा जोडभाग बसवला की ब्राउझरमधला कन्सोल तयारच मिळतो. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीनींच्या तयार प्रणालीतही आतून नोव्हीएनसीच आहे. व्हीएनसीबरोबर आरडीपी (विंडोजचा दूरस्थ डेस्कटॉप) आणि एसएसएचही एकाच दारातून द्यायचे असतील, वापरकर्तानिहाय परवानग्या हव्या असतील, तर अपाची ग्वाकामोली निवडावे, पण त्याची उभारणी बरीच जड आहे.

जोडणी होत नसेल, तर तपास खालून वर करावा. यजमानावरून ५९०० पोर्टला नेटकॅटने (साधी टीसीपी जोडणी करणाऱ्या साधनाने) जोडून पाहावे. क्यूएमू जिवंत असेल, तर काही न विचारताच ‘आरएफबी ००३.००८’ (व्हीएनसीच्या प्रोटोकॉलचे नाव आणि आवृत्ती) अशी ओळ येते. ती आली नाही, तर मशीन बंद आहे किंवा पोर्ट चुकले आहे, वरचे थर तपासण्यात वेळ घालवू नये. ती आली, तर ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत नेटवर्कचा विभाग उघडून वेबसॉकेटच्या विनंतीला मिळालेला प्रतिसाद पाहावा. तो १०१ (वेबसॉकेटकडे वळण्यास होकार) असायला हवा. २००, ४०० किंवा ४०४ दिसत असेल, तर बहुधा अपग्रेडचा हेडर वाटेत गळाला आहे. ४०१ असेल, तर लॉगिनची माहिती वेबसॉकेटपर्यंत पोहोचलेली नाही. १०१ मिळूनही पडदा काळाच राहिला, तर बहुधा पाहुण्या मशीनने पडदा मालवलेला असतो. काळ्या भागावर क्लिक करून शिफ्ट दाबून पाहावे.