बेळगावात राहायला आलाय? आधी घरातली भांडी मोजून घ्या

घरभाडं, शाळा, रेशनकार्ड याबद्दल सांगणारे पन्नास जण भेटतील, त्यामुळे मी ते सांगत बसत नाही. मी लातूरकडून नोकरीसाठी इथं आलो आणि आता टिळकवाडीचाच झालोय, पण दरवर्षी कुणीतरी नवीन येतं आणि नेमकं भांड्यांच्या मापातच फसतं. म्हणून सांगतो, सामान लावायच्या आधी एक किचन काटा घ्या आणि घरातला प्रत्येक डबा, तांब्या, पातेलं रिकामं असताना वजन करून ते वजन बुडाला मार्करनं लिहून ठेवा. नंतर भरलेला डबा काट्यावर ठेवला की आत किती उरलंय ते न ओतता कळतं.

कुठल्या भांड्यात किती मावतं हे बघायचं असेल तर पाणी घाला. १ लिटर पाणी म्हणजे जवळपास १ किलो, आपल्याकडच्या हवेत चार-पाच ग्रॅम कमी भरतं, घरात तेवढं चालतं. भरलेल्याचं वजन वजा रिकाम्याचं वजन, जेवढे ग्रॅम तेवढे मिली. दोन आकडे लिहा बरं का, एक काठोकाठचा आणि एक रोज भरतो तिथपर्यंतचा, कारण तांब्या कुणी काठापर्यंत भरत नाही, गळ्यापर्यंतच भरतो. घागर, बादली काट्यावर बसत नाही, मग १ लिटरची सीलबंद पाण्याची बाटली आणा, झाकण उघडायच्या आधी पाणी जिथं आहे तिथं बाहेरून रेघ मारा आणि त्याच रेघेपर्यंत भरून भरून मोजा. लोक बाटली तोंडापर्यंत भरतात आणि दर खेपेला थोडं थोडं जास्त जाऊन शेवटी बादलीचा हिशोबच चुकतो.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. इथं सुगी झाली की लोक खानापूरकडून वर्षाचा तांदूळ भरतात, इंद्रायणी म्हणा, बेळगाव बासमती म्हणा, आणि तुम्हीही भराच, असा तांदूळ पुण्याच्या मॉलमध्ये मिळत नाही. पण कोठी घेताना दुकानदार म्हणतो "पन्नासची आहे की ओ" आणि आपण पन्नास किलो समजतो. तो आकडा लिटरचा असतो! टेप लावून बघा: आतून व्यास ३५ सेंटिमीटर, उंची ५० सेंटिमीटर असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले ०.७८५, त्याला १००० नं भागलं की ४८ लिटर. आणि १ लिटरच्या मापात तांदूळ ८०० ते ८५० ग्रॅमच बसतो, म्हणजे त्या कोठीत ४० किलोच्या आसपासच जाणार. सोलापूरकडून आलेल्या ओळखीच्या एका कुटुंबानं क्विंटलभर तांदूळ आणि अशा दोन कोठ्या घेतल्या, उरलेला वीसेक किलो पोत्यातच फरशीवर राहिला आणि जुलैचा पाऊस लागला. इथला पाऊस तुम्ही पाहिला नाही अजून, आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. पोतं उचललं तर खाली गुठळ्या, बुरशी, आणि किडे कोठ्यांपर्यंत पोचलेले. तेव्हा परत सांगतो, कोठीवरचा आकडा लिटरचा! पीठ ठेवणार असाल तर अजून कमी, लिटरला ५०० ते ६०० ग्रॅम. साखर साधारण ८५०, मीठ मात्र १२०० च्या आसपास.

हेच उलट बाजूनं तेला-तुपात होतं. १ लिटर तूप किंवा तेल म्हणजे ९१० ग्रॅमच्या आसपास, मध १४०० च्या वर. कुणी किलोचा भाव सांगून लिटरची बरणी भरून देत असेल तर तुपात तुमचं नुकसान.

आठवड्याच्या बाजारात, खेड्यांत चुरमुरे अजून शेरानं मिळतात. चुरमुरे लिटरभर घेतले तरी १०० ग्रॅमच्या आसपास भरतात, त्यामुळे तिथं मापच बरोबर आहे, वाद घालू नका. धान्य मापानं घ्यायचं असेल तर मात्र शीग भरून की सपाट ते आधी बोला. जुना वजनाचा शेर ९३३ ग्रॅमचा होता, मापाचा शेर गावागणिक वेगळा, त्यामुळे शेराच्या भावाची किलोच्या भावाशी तुलना करू नका, शेरभर घरी आणून वजन करा मग बोला. आपली पुण्या-मुंबईकडची मंडळी पहिल्याच दिवशी "इथं सगळे लुटतात" म्हणून मोकळी होतात, ते मला अजिबात पटत नाही. मापात पाप करणारे सगळीकडे असतात, इथं उलट कमीच. पाव, अर्धा सगळ्यांना कळतं, कानडीतलं ओंदु, एरडु, मूरु (एक, दोन, तीन) एवढं शिकलात तर दुकानदार आपणहून मूठभर जास्त घालतो. मिठाई घेताना रिकामा खोका काट्यावर ठेवून आकडा शून्य करायला सांगा, कुंद्याच्या भावात पुठ्ठा कशाला घ्यायचा.

पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं, बऱ्याच भागांत रोज येत नाही, म्हणून जो तो बॅरल घेतो. घ्या, पण २०० लिटरचं बॅरल भरलं की २०० किलोच्या वर जातं. राहत्या घराच्या स्लॅबला चौरस मीटरला २०० किलो धरलेले असतात आणि हे सगळं वजन पाव चौरस मीटर जागेत बसतं. शहापूर, वडगावकडच्या जुन्या कौलारू घरात लाकडी माडी भाड्यानं घेतली असेल तर वर बॅरल अजिबात नको, खाली अंगणात ठेवा.

कुकरवर लिहिलेले लिटर काठोकाठचे, डाळ-भाताला निम्माच भरायचा.

राहिला गॅस. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, समजा १५.६, त्यात १४.२ किलो गॅस मिळवला की २९.८ भरायला पाहिजे. आणणाऱ्याला सील तोडायच्या आधीच वजन करायला लावा. घरी स्प्रिंगचा ताणकाटा असेल तर मध्येच कधी बघितलं आणि १८ भरला तर २.४ किलो उरलाय, लगेच नंबर लावा.