भांगेच्या मुळांत गुणसूत्रांचे दोष कसे तपासावेत

भांगेच्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशीत २० गुणसूत्रे असतात. कोल्चिसिन (गुणसूत्रांची संख्या दुप्पट करणारे रसायन) दिलेल्या रोपांत ४० अपेक्षित असली, तरी एकाच मुळात २० आणि ४० अशी सरमिसळ पुष्कळदा आढळते. म्हणून एका पेशीवर निकाल देऊ नये.

ताज्या मुळांची १ सेंमी टोके कापा. फक्त मोजणी करायची असेल तर ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये ३-४ तास ठेवा. पण खरी गोम इथेच आहे: या द्रावणाने तर्कुतंतू (पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणारे धागे) मोडतात, मग पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे सरकण्याचा टप्पा, दिसतच नाही. मागे रेंगाळलेली गुणसूत्रे किंवा दोन ध्रुवांमधले पूल शोधायचे असतील तर ही पायरी गाळून टोके थेट स्थिरीकरणात (पेशी आहे त्या स्थितीत टिकवणाऱ्या द्रावणात) टाका: ३ भाग इथेनॉल, १ भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, २४ तास.

नंतर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ८-१० मिनिटे. जास्त वेळ झाला तर रंग फिका पडतो. कमी पडला तर पेशी सुट्या होत नाहीत. धुऊन टोकाचा १-२ मिमी भागच घ्या, ॲसिटो-ऑर्सिन (गुणसूत्रे रंगवणारे द्रावण) लावा, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने सरळ दाबा. कव्हरस्लिप जराही सरकली की पेशी फाटून गुणसूत्रे विखुरतात आणि मोजणी खोटी ठरते. मुख्य केंद्रकाशेजारी रंगलेला बारीक ठिपका दिसला, तर ते सूक्ष्मकेंद्रक (मागे राहिलेल्या गुणसूत्राचे किंवा तुकड्याचे वेगळे छोटे केंद्रक) असू शकते. फोकस वरखाली करून रंगाचा कण नाही ना, हे आधी पाहा.