स्पोर्ट एटीव्हीचं स्प्रॉकेट बदलताय? या चुका टाळा

चढाला लागली की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळते आणि तिसरा टाकला की मरते. माण-खटावच्या मुरमाड माळावर एटीव्ही (कच्च्या रानात चालणारी, मोटरसायकलसारखी चारचाकी) फिरवणाऱ्यांना ही तक्रार चांगली ओळखीची आहे. त्यावर गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: "मागचं स्प्रॉकेट मोठं टाका, ओढायला लागेल." सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक: पुढचं इंजिनाकडे, मागचं मागच्या चाकांच्या दांड्यावर, म्हणजे अॅक्सलवर. त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. पुढचं लहान किंवा मागचं मोठं केलं की चाकाला जोर जास्त मिळतो आणि तेवढाच वेग जातो. पुढचं मोठं केलं तर याच्या उलट.

पहिली चूक होते हिशोबात. यामाहा रॅप्टर ७०० ला कंपनीकडून पुढे १४ आणि मागे ३८ दात येतात, म्हणजे गुणोत्तर (मागचे दात भागिले पुढचे) २.७१. पुढचा एकच दात कमी करून १३ केले तर ते २.९२ होतं, जवळपास ८ टक्के फरक. तेवढाच फरक मागून आणायचा तर ३८ चे ४१ करावे लागतात. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन. हे माहीत नसल्यामुळे लोक पुढचा एक कमी करतात, वर मागचे तीन-चार वाढवतात, आणि मग पहिला गिअर कशालाच उरत नाही. क्लच सोडला की चाकं जागेवर मुरूम उकरतात. चढावर तर पुढची चाकं उचलतात, आणि एटीव्ही मागे उलटणं हा जिवावरचा अपघात आहे. उतारावर इंजिनाचा ब्रेकही जास्त बसतो. मागचा अॅक्सल सलग असल्याने दोन्ही चाकं एकदम घसरतात.

आता ती दुसऱ्या-तिसऱ्याची तक्रार. स्प्रॉकेटने सगळे गिअर एकाच प्रमाणात सरकतात. दोन गिअरमधलं अंतर जसंच्या तसं राहतं, कारण ते गिअरबॉक्समधल्या दातांवर ठरतं. १३ दात लावल्याने ती दरी बुजत नाही, फक्त कमी वेगावर येते. तुमचा नेहमीचा चढ ज्या वेगाने चढता, तो वेग तिसऱ्याच्या ताकदीच्या पट्ट्यात आला तर काम झालं. म्हणून आधी त्या चढावर नेमका वेग किती राहतो ते पाहा, मगच दात मोजा. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त असतं. सुरुवात तिथूनच करावी, आणि एकाच दाताने.

टायर विसरणं ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. मागचे २० इंची काढून २२ इंची बसवले की गिअरिंग १० टक्के उंच होतं, म्हणजे चाकाला जोर कमी मिळतो आणि गाडी जड वाटते. मग पुढचा एक दात कमी केला, तरी तुम्ही मूळ जागेच्या जरा मागेच असता. आणि पावसाळ्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानात चिखल टायरला थापला जातो, ते ओझं वेगळंच.

दोष भलत्याच जागी असतो, असंही पुष्कळदा घडतं. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही? चाकं जागेवर फिरत नसतील तर क्लचप्लेट घसरत आहेत. स्प्रॉकेटचा संबंध नाही. सगळ्याच गिअरमध्ये गाडी मरगळली असेल तर आधी एअर फिल्टर उघडा, माणची धूळ त्याचं काय करते ते दिसेल. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा एक दशमांशाहून जास्त विरळ, त्यामुळे कार्ब्युरेटरची गाडी जास्त पेट्रोल ओढते आणि दबते. तिथे जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बघायचा.

चेनकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ५२० मापाच्या चेनच्या एका कडीचं अंतर १५.८७५ मिलिमीटर. एका दातामागे अॅक्सल साधारण ४ मिलिमीटर सरकवावा लागतो. पुढचे १३ केले की तो मागे न्यायचा, मागचे ४१ केले की सुमारे १२ मिलिमीटर पुढे. पुढे तेवढी जागा नसेल तर चेनच्या कड्या वाढवाव्या लागतात. पुढचं स्प्रॉकेट फार लहान केलं तर चेन जास्त वाकते, स्विंगआर्मच्या (मागचा अॅक्सल धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) पट्टीवर घासते आणि लवकर झिजते. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन पाठीमागून ओढून बघा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली. अशा चेनवर नवीन स्प्रॉकेट चढवणं म्हणजे तेही फुकट घालवणं.

ढील मोजताना बरेच जण गाडी रिकामी उभी करून चेन ताणतात. माणूस बसला, सस्पेन्शन दबलं की तीच चेन तंग होते आणि पुढच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतील इतकं मागचं दाबा आणि तिथे ढील बघा. ओ-रिंग चेन (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) पेट्रोलने धुऊ नका, रिंगा फुगून फाटतात.

अशा स्पोर्ट एटीव्हीची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे हे सगळं आपल्या रानात किंवा परवानगीच्या ट्रॅकवरच. कासच्या पठारावर तर चाक नेऊच नका. जांभ्यावरचा तिथला मातीचा थर इतका पातळ आहे, की एकदा उकरला की तिथली फुलं परत येणं कठीण.

बसवून झाल्यावर पुढच्या नटाच्या लॉकवॉशरची कड नीट वाकवा. पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झालं की नट आणि चेनची ढील पुन्हा तपासा. नवीन चेन सुरुवातीला थोडी बसतेच.